नवी गाडी एका बाजूला ओढते तेव्हा

मी घिवलीहून बोलते आहे. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. या कार्यक्रमात आपण कधी बँकेच्या कर्जावर बोलतो, कधी सुक्या मासळीच्या पॅकिंगवर. आजचा विषय चाकांचा आहे. नवी कोरी गाडी घेतली, पूजा केली, हार घातला, आणि आठ दिवसांत लक्षात आलं की गाडी सरळ चालतच नाही. एका बाजूला ओढते, टायर खाते. अशा वेळी काय करायचं, कुणाला काय विचारायचं आणि कोणता कागद हातात घ्यायचा, हे आज सांगणार आहे.

हा विषय गटाच्या बैठकीत कशाला, असं कुणाला वाटेल. पण आता आपल्या बायका गाड्या घेत आहेत आणि स्वतः चालवत आहेत. सरकारनेही 2017 साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस नावाची योजना आणली. गावातल्या प्रवाशांसाठी गटातल्या बाईने गाडी चालवावी, म्हणून साडेसहा लाखांपर्यंतच्या गाडीसाठी बिनव्याजी कर्जाची सोय त्यात ठेवली. कुणी बँकेचं कर्ज काढून व्हॅन घेतं, कुणी मासळी न्यायला छोटा टेम्पो घेतं. हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. गाडी दुरुस्तीला उभी राहिली म्हणून हप्ता थांबत नाही. म्हणून गाडीचं दुखणं हे आपल्या गटाचंही दुखणं आहे.

आधी समजून घेऊ की अलाइनमेंट म्हणजे काय. गाडीची चारही चाकं एकमेकांशी आणि रस्त्याशी ठरलेल्या कोनात बसवलेली असतात. हा कोन बिघडला की आपण अलाइनमेंट गेली म्हणतो. त्यात तीन मापं महत्त्वाची. नावं इंग्रजी आहेत, पण गॅरेजमध्ये तीच चालतात, म्हणून ती पाठ करून ठेवा: टो, कॅम्बर आणि कॅस्टर.

टो समजायला उभं राहून आपल्या पायांकडे बघा. चवडे आत वळवले तर एक प्रकार, बाहेर फाकवले तर दुसरा. पुढची दोन चाकंही अशीच आत किंवा बाहेर वळलेली असू शकतात. ठरलेल्या मापापेक्षा ती जास्त वळली, तर चाक फिरता फिरता आडवंही घासत जातं. साधा हिशेब सांगते. टायर साधारण साठ सेंटिमीटर व्यासाचा धरा. त्याची पुढची कड मागच्या कडेपेक्षा फक्त तीन मिलिमीटर आत वळलेली आहे. म्हणजे दोनशेला एक. गाडी एक किलोमीटर पुढे गेली की तो टायर पाच मीटर आडवा घासला. दिवसाला पन्नास किलोमीटर चालवली तर अडीचशे मीटर नुसतं खरवडणं. टायर कुठे जातो, ते आता कळलं ना?

कॅम्बर म्हणजे चाकाचा कलंडलेपणा. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, तसा चाकाला लावला तर वरची बाजू आत किंवा बाहेर झुकलेली दिसेल. थोडा झुकाव मुद्दाम ठेवलेला असतो. पण डाव्या आणि उजव्या चाकाचा झुकाव सारखा पाहिजे. एक चाक जास्त बाहेर झुकलं, तर गाडी त्या बाजूला ओढते आणि त्या टायरची बाहेरची कड आधी झिजते.

कॅस्टर समजायला सायकल आठवा. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, पुढे तिरपा असतो. त्यामुळे हँडल सैल धरलं तरी सायकल नाकासमोर जाते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही तसाच तिरपेपणा असतो. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं, ते त्याच्यामुळे. दोन्ही बाजूंचा कॅस्टर वेगळा झाला तरी गाडी एका बाजूला जाते.

आता गाडी काय करते आहे, ते नीट ओळखायला शिकू. गॅरेजमध्ये जाऊन "गाडी बरोबर नाही" एवढंच सांगितलं तर आपलं कुणी ऐकत नाही. नेमकं सांगितलं तर ऐकावं लागतं.

गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग तिरकं धरावं लागतं. याचा अर्थ बहुतेक वेळा टो नीट वाटला गेलेला नाही किंवा स्टेअरिंग मध्यावर बसवलेलं नाही. हे दुरुस्त करणं सोपं असतं.

स्टेअरिंग सरळ ठेवलं की गाडी हळूहळू एका बाजूला सरकते आणि सारखं उलट्या बाजूला धरून ठेवावं लागतं. याला ओढणं म्हणतात. कारण कॅम्बर असेल, कॅस्टर असेल, एखादा टायर असेल, किंवा एका चाकाचा ब्रेक थोडा पकडून राहत असेल.

ठरावीक वेगाला, समजा सत्तर-ऐंशीला, स्टेअरिंग थरथरतं. हे बहुतेक बॅलन्सिंगचं काम, अलाइनमेंटचं नव्हे. बॅलन्सिंगमध्ये रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधतात. ही दोन कामं वेगळी आहेत. बिलावर दोन्ही लिहिलेली असतील तर दोन्ही केली का, ते विचारा.

आणि फक्त ब्रेक दाबल्यावरच गाडी बाजूला जात असेल, तर ब्रेक तपासायला सांगा.

टायर काय सांगतो, ते आपल्या कोळणींना कुणी शिकवायला नको. खवल्यांच्या माशावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतो. उलटा फिरवला तर खवले टोचतात. गाडी थांबलेली आणि टायर थंड असताना तळहात टायरवरून आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर समजा टो बिघडला आहे. फक्त एकच कड झिजली असेल तर कॅम्बरचा संशय घ्या. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त असते, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी असते.

शोरूमला जाण्याआधी चार गोष्टी आपल्या आपण तपासून घ्यायच्या, म्हणजे त्यांना बोट ठेवायला जागा राहत नाही. पहिली गोष्ट हवा. सकाळी टायर थंड असताना भरा, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो त्यावरच्या आकड्याप्रमाणे भरा. पंपवाल्याच्या अंदाजाने नको. दुसरी गोष्ट वजन. बर्फाच्या पेट्या एकाच बाजूला ठेवून चाचणी घेऊ नका. तिसरी गोष्ट वारा. आपण किनाऱ्यावर राहतो, दुपारचा खारा वारा उंच व्हॅनला चांगलाच ढकलतो. म्हणून सकाळी वारा पडलेला असताना बघा. चौथी गोष्ट जागा. सपाट, मोकळी, गर्दी नसलेली. तिथे हळू वेगात स्टेअरिंगवरचे हात हलके करा. हलके करा म्हणाले मी, सोडा म्हणाले नाही. हात कधीच सोडायचे नाहीत.

आता एक घडलेली गोष्ट सांगते. आमच्या गटातल्या एका ताईने सात आसनी व्हॅन घेतली. डाऊन पेमेंटला गटाचं कर्ज, बाकी बँकेचं. पहाटे मासळीच्या पाट्या घेऊन बायकांना बोईसरच्या बाजारात सोडायचं, मग दिवसभर स्टेशनच्या फेऱ्या. नवरा बोटीवर असतो, त्यामुळे गाडी तीच चालवते. शोरूमचं नाव सांगणार नाही, त्याची गरजही नाही. असं कुठल्याही शोरूममध्ये होऊ शकतं.

चौथ्या दिवशी तिचा डावा खांदा दुखायला लागला. गाडी सारखी उजवीकडे ओढत होती आणि ती डावीकडे धरून होती. उजवीकडे म्हणजे कुठे? समोरून येणाऱ्या ट्रेलरकडे. तारापूर एमआयडीसीच्या रस्त्यावर ज्यांनी गाडी चालवली आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. मागे पाच बायका बसलेल्या, मांडीवर पाट्या, आणि गाडी आपणहून समोरच्या ट्रेलरकडे निघालेली.

मीटरवर 140 किलोमीटर झाले असताना ती शोरूमला गेली. तिथे सांगितलं, "नवी गाडी आहे मॅडम, हजार किलोमीटर झाले की सेट होईल." मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते अनेकींना ऐकवलं जातं. अलाइनमेंट आपोआप सेट होत नाही. उलट जितके किलोमीटर वाढतात तितकं शोरूमला सोपं जातं. मग ते म्हणतात, गाडी खड्ड्यात घातली असेल, आम्ही काय करणार.

ताई परत आली ती थेट बैठकीत. आम्ही तिथेच बसून पत्र लिहिलं. एका पानाचं. तारीख, गाडीचा नंबर, मीटरवरचा आकडा, आणि तीन वाक्यं: सपाट रस्त्यावर गाडी उजवीकडे ओढते, हवा स्टिकरप्रमाणे भरलेली आहे, गाडीला कुठेही मार लागलेला नाही. कृपया तपासून लेखी उत्तर द्यावे. दोन प्रती काढल्या. दुसऱ्या दिवशी गटातल्या दोघी तिच्याबरोबर गेल्या. एक प्रत दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतली. शिक्का द्यायला वेळ लावला त्यांनी. बायका बाकावर बसून राहिल्या.

मग त्यांनी अलाइनमेंट करून दिली. तेव्हा मीटरवर 410 किलोमीटर होते. "झालं मॅडम, एकदम ओके." ताईने रिपोर्ट मागितला. "तो मशीनचा असतो, तुम्हाला काय कळणार त्यातलं?" तिने पुन्हा मागितला. आता हे रिपोर्टचं प्रकरण नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिथेच फिरली. अलाइनमेंटचं मशीन संगणकाचं असतं. चारही चाकांवर पाट्या लावतात, कॅमेरे त्या बघतात आणि पडद्यावर प्रत्येक चाकाचे आकडे येतात. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत असेल तो आकडा हिरवा, बाहेर असेल तो लाल. कामाआधीचे आकडे आणि कामानंतरचे आकडे, दोन्ही छापून मिळतात.

ताईच्या रिपोर्टवर टो आधी लाल होता, नंतर हिरवा झाला होता. पुढच्या उजव्या चाकाचा कॅम्बर मात्र आधीही लाल आणि नंतरही लाल. म्हणजे त्यांनी जे फिरवता येतं ते फिरवलं आणि जे फिरत नाही ते तसंच सोडून दिलं. गाडी अजूनही उजवीकडे जात होती.

त्यावर उत्तर आलं, "तुमच्या गावचे रस्ते बघा ना मॅडम." आणि पुढे, "घरात दुसरं कुणी चालवणारं नाही का?" दुसऱ्या प्रश्नाला ताईने उत्तर दिलं नाही. पहिल्याला दिलं, आणि ते असं होतं. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. मीटरभर रुंदीला दोन-अडीच सेंटिमीटरचा उतार. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे आपल्या बाजूचा उतार डावीकडे असतो. गाडी जराशी डावीकडे सरकली तर तो रस्त्याचा उतार असू शकतो. पण ही गाडी उजवीकडे जाते, म्हणजे चढाकडे. मग रस्ता तिला कसा ओढेल? काउंटरवरचा मुलगा गप्प झाला. आतून मोठा माणूस बोलवावा लागला.

मोठ्या माणसाने टायरचं कारण काढलं. ते कारण रास्त होतं, टायरची बांधणी किंचित तिरपी असली तरी गाडी ओढते. त्याची तपासणीही सोपी. पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून बघायचे. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. एकाच दिशेने फिरणारे टायर असतील, त्यांच्यावर बाण असतो, तर ही अदलाबदल करू नये. ताईच्या गाडीचे टायर साधे होते. अदलाबदल केली. ओढ उजवीकडेच राहिली.

नंतर ती बोईसरमधल्या एका जुन्या अलाइनमेंटवाल्या चाचांकडे गेली. काही शे रुपयांचं काम. त्यांच्या मशीनवरही तोच आकडा लाल. चाचांनी गाडीखाली नेऊन तिला दाखवलं. अनेक छोट्या गाड्यांत कंपनी फक्त टो फिरवायची सोय ठेवते. कॅम्बर आणि कॅस्टर हे भाग जसे बनवले, जसे बसवले, तसेच राहतात. त्यामुळे नव्या गाडीचा कॅम्बर मर्यादेबाहेर असेल तर कुठला तरी भाग वाकलेला आहे किंवा नीट बसलेला नाही. बोल्ट फिरवून तो जायचा नाही. भाग बदलावा लागेल.

आता ताईच्या हातात पाच कागद होते. शिक्का मारलेलं पत्र, दोन जॉबकार्ड, दोन वेगवेगळ्या मशीनचे रिपोर्ट. त्यांच्या प्रती जोडून तिने कंपनीच्या मुख्य ग्राहक सेवेला लिहिलं आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. त्याच दिवशी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं, फोनला पैसे लागत नाहीत. तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा.

कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने रिम बघितले, खालचा भाग बघितला, कुठे ठोकर लागल्याची खूण आहे का ते टॉर्च मारून शोधलं. खूण नव्हती. उजव्या चाकाला धरून ठेवणारा भाग वॉरंटीत बदलून दिला. नवीन रिपोर्टवर दोन्ही बाजूंचे आकडे हिरवे आले, आणि गाडी सरळ धावायला लागली. उजव्या टायरची बाहेरची कड झिजली होती, त्यावर बरीच बोलाचाली होऊन एक टायर मिळाला. नऊ दिवस गाडी उभी होती, त्या दिवसांची कमाई कुणी भरून दिली नाही. ती मागायला पुढे आयोगात जाता आलं असतं. ताईने नाही ठरवलं, तिला फेऱ्या सुरू करायच्या होत्या. तो तिचा निर्णय. त्या महिन्याचा गटाचा हप्ता आम्ही बैठकीत ठराव करून पुढे ढकलला आणि इतिवृत्तात तसं लिहिलं. बँकेचा हप्ता मात्र तिने बांगडी ठेवून भरला.

हे ऐकून आपण काय घ्यायचं? तिची बाजू पक्की झाली ती आवाज चढवल्यामुळे नाही. 140 किलोमीटरवर लिहिलेल्या पत्रामुळे झाली. तेच पत्र पाच हजार किलोमीटरवर लिहिलं असतं, तर खड्ड्याचं कारण कुणी खोडूच शकलं नसतं. म्हणून पहिल्या आठवड्यात, मीटरचा आकडा लिहून, तक्रार कागदावर आली पाहिजे.

शोरूमच्या बाजूनेही खरं काय ते सांगते. प्रत्येक वेळी दोष कंपनीचाच असतो असं नाही. पावसाळ्यानंतर आपल्या रस्त्यांचं काय होतं ते आपण बघतो. एका मोठ्या खड्ड्यात चाक जोरात आपटलं तर नवी गाडीही बिघडते, आणि ते वॉरंटीत बसत नाही. भाग तुटला-वाकला असेल तर विम्याकडे जावं लागतं. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग हे नेहमीच्या देखभालीचं काम आहे, म्हणून बहुतेक वॉरंटी पुस्तिकांत ते वगळलेलं असतं. टायरची वॉरंटी सहसा टायर कंपनी वेगळी देते. पण एखादा भागच सदोष असेल, तर तो भाग वॉरंटीत येतो. शोरूमवाले "अलाइनमेंट वॉरंटीत नाही" म्हणतील. आपण विचारायचं, "अलाइनमेंट नाही, मान्य. पण ती ज्या भागामुळे बसत नाही, तो भाग?" वॉरंटीचं पुस्तक मुलीकडून, सुनेकडून वाचून घ्या. शोरूमला जाताना बरोबर न्या.

आता कायद्याबद्दल थोडं. सध्या आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, तो जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक धरला जात नाही. त्यामुळे पिवळ्या नंबर प्लेटची गाडी असली की काही जण म्हणतात, तुम्ही ग्राहकच नाही. हे अर्धंच खरं आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू या वगळण्यातून बाहेर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच हे स्पष्ट केलं आहे. उपजीविकेसाठी स्वतः चालवायला रिक्षा घेणारा माणूस ग्राहक आहे, अशा स्वरूपाची उदाहरणं त्या निकालात आहेत. म्हणजे व्हॅन घेऊन स्वतः चालवणारी आपली ताई ग्राहक आहे. पाच गाड्या घेऊन ड्रायव्हर ठेवले तर मात्र गोष्ट वेगळी.

जिल्हा ग्राहक आयोगात पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. वकील लावायची सक्ती नाही. पण गाडीच्या बाबतीत नुसतं "ओढते" म्हणून भागत नाही. दोष तपासणीतून दिसावा लागतो. म्हणूनच ते मशीनचे रिपोर्ट जपायचे.

आणि मागणी काय करायची, तेही समजून घ्या. आपल्या मनात येतं, गाडीच बदलून द्या. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने एका नव्या गाडीच्या क्लचच्या प्रकरणात सांगितलं की भाग बदलून दोष जात असेल, तर वॉरंटीखाली अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून आपलं पत्र असं असावं: सदोष भाग बदला, त्यानंतर मोफत अलाइनमेंट करून रिपोर्ट द्या, झिजलेला टायर द्या, गाडी उभी राहिली त्या दिवसांची भरपाई द्या. दुरुस्त्या करूनही दोष जातच नसेल, तर मग बदलून मागण्याला वजन येतं.

ज्या अजून गाडी घेणार आहेत, त्यांच्यासाठी डिलिव्हरीच्या दिवसाच्या काही गोष्टी. गाडी दिवसाउजेडी घ्या. पेढे वाटण्याआधी शोरूमच्या माणसाला शेजारी बसवून चार-पाच किलोमीटर चालवा. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सरळ राहतं का बघा. ओढत असेल तर तिथल्या तिथे डिलिव्हरीच्या कागदावर लिहा आणि मगच सही करा. डिलिव्हरीपूर्व तपासणीचा जो कागद असतो, त्याची प्रत मागा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2324 असेल तर 2024 सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि फार जुने नाहीत ना, एवढं बघा. आणि पहिल्या दिवसापासून गाडीची एक वही ठेवा. गटाची वही आपण इतकी वर्षं चोख ठेवतो आहोत, आपल्याला हे जड नाही. तारीख, किलोमीटर, काय जाणवलं, कुठे दाखवलं, कोण काय बोललं.

पुढे मात्र दर पाच ते दहा हजार किलोमीटरला, आणि आपल्या भागात पावसाळा संपल्यावर एकदा, अलाइनमेंट बघून घ्याच. काही शे रुपये वाचवायला गेलो तर हजारांचा टायर जातो. आणि दर वेळी रिपोर्ट मागा, आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे, दोन्ही. न कळला तरी मागा. दोन-तीनदा बघितला की कळायला लागतो. पासबुक तरी पहिल्या दिवशी कुठे कळलं होतं?

एक काम देऊन आजचं बोलणं संपवते. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी गाडी, टेम्पो किंवा रिक्षा आहे त्यांनी येण्याआधी टायरवरून तळहात फिरवून यायचं, आतून बाहेर आणि बाहेरून आत. काय लागलं ते बैठकीत सांगायचं आणि वहीत लिहायचं. ज्यांच्या गाडीला सहा महिनेसुद्धा झालेले नाहीत आणि तरी हाताला खवले लागले, त्यांनी त्याच बैठकीत पत्र लिहून घ्यावं. दुसऱ्या दिवशी शोरूमला एकटीने जाऊ नये. दोघी बरोबर न्याव्यात, आणि शिक्का मिळेपर्यंत बाकावर बसून राहावं.